धान्यातलं विष : लाख, बाजरी आणि भगर

विषबाधा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? लग्नाची पंगत, सकाळी करून ठेवलेला मठ्ठा, खव्याची मिठाई आणि रात्री सरकारी दवाखान्यात सलाईन लावून ओळीने झोपलेली वऱ्हाडी मंडळी. ही विषबाधा खरीच आहे. पण ती विषबाधेची एकच तऱ्हा झाली. तिच्यात अन्न शिजवल्यावर बिघडतं. दोष असतो उन्हाळ्याचा, न धुतलेल्या हातांचा, तासन्‌तास उघड्या राहिलेल्या पातेल्याचा.

दुसरी तऱ्हा जास्त जुनी आहे आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. तिच्यात धान्य शेतातून किंवा पोत्यातूनच विष घेऊन येतं. स्वयंपाक कितीही स्वच्छ करा, ताजं ताजं वाढा, विष ताटात येतंच. विदर्भाच्या आणि महाराष्ट्राच्या इतिहासात अशी तीन धान्यं ठळकपणे दिसतात : लाख, बाजरी आणि भगर. पहिलीने माणसं कायमची लंगडी केली, दुसरीने गावंच्या गावं गुंगीत टाकली, आणि तिसरी आजही दर उपवासाला आपल्याला दवाखान्यात पाठवते. या तिघींची गोष्ट एकत्र वाचली, तर पुढच्या एकादशीला भगर आणताना तुम्ही थोडा वेगळा विचार कराल. तेवढ्यासाठीच हा लेख.

लाख : पायांतलं बळ काढून घेणारी डाळ

आपण यवतमाळकर तुरीच्या डाळीवर वाढलेले. पण पूर्वेला भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानपट्ट्यात गेलात, तर तिथे लाख किंवा लाखोळी घरोघरी माहीत आहे. हिंदीत तिला खेसारी किंवा तिवडा म्हणतात. दिसायला डाळ तुरीच्या डाळीसारखीच पिवळी. धान कापणीला यायच्या आधी, बांधीत ओल असतानाच तिचं बी उभ्या पिकात फेकतात. नांगरट नाही, खत नाही, पाणी नाही. धान निघतं आणि लाख वर येते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने हे पीक सोन्यासारखं आहे. पाऊस कमी पडला तरी ते तगतं, पाणी साचलं तरी तगतं. आणि नेमकी इथेच खरी मेख आहे. ज्या वर्षी बाकी सगळी पिकं जातात, त्या वर्षी लाख राहते. म्हणजे ज्या वर्षी माणसाकडे दुसरं काहीच नसतं, त्या वर्षी तो फक्त लाखच खातो.

ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी स्लीमन तुम्हाला ठाऊक असेल. आजच्या मध्य प्रदेशातल्या सागर भागातली एक हकीकत त्याने १८४४ मध्ये छापलेल्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. १८२९ मध्ये गारपिटीने गहू गेला, १८३० मध्ये पावसाने दगा दिला, १८३१ मध्ये पिकावर रोग पडला. तीन वर्षं फक्त लाख पिकली आणि लोक तिच्यावरच जगले. १८३३ उजाडलं आणि तरणीताठी मुलं कमरेखाली लुळी पडू लागली. ताप नाही, पडणं नाही, मार नाही. धडधाकट माणूस अचानक पाय ओढत चालायला लागायचा. तिशीच्या आतली मंडळी जास्त सापडली. ज्या गावाबद्दल तो लिहितो, तिथली निम्मी तरुण पिढी दोन वर्षांत अधू झाली होती. कारण काय, हे गावकऱ्यांना नेमकं माहीत होतं. ते डाळीकडेच बोट दाखवत होते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मध्य प्रांतात लागोपाठ दोन मोठे दुष्काळ पडले, १८९६-९७ आणि १८९९-१९००. नागपूर, भंडारा, चांदा हे सगळे जिल्हे तेव्हा याच प्रांतात होते. दुष्काळ सरला, पण पाय गेलेली माणसं मागे राहिली. १८९६ ते १९०२ या काळातल्या या रोगावर डॉ. अँड्र्यू ब्युकनन यांनी तयार केलेला सरकारी अहवाल १९०४ मध्ये नागपुरात छापला गेला. तोवर या रोगाला वैद्यकात नाव मिळालेलं होतं : लॅथिरिझम. इटलीतल्या कांतानी या डॉक्टरने ते १८७३ मध्ये दिलं. लाखेचं शास्त्रीय नाव लॅथिरस सटायव्हस, त्यावरून हे नाव.

हा रोग केवळ आपल्याकडचा नाही. सतत वाटाण्याच्या जातीचं धान्य खाणाऱ्यांचे पाय कमजोर होतात, असा उल्लेख हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांत आहे. जर्मनीतल्या व्युर्टेंबर्गच्या ड्यूकने १६७१ मध्ये लाखेच्या पिठाची भाकरी करायला बंदी घातली होती. स्पॅनिश चित्रकार गोया याने माद्रिदच्या १८११-१२ च्या दुष्काळावर काढलेल्या एका चित्रात भुकेली माणसं लाखेच्या पिठाची पेज घेताना दिसतात आणि पुढे एक बाई जमिनीवर आडवी पडलेली दिसते. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या सुमारास, रुमानियाच्या ताब्यातल्या वाप्नियार्का छावणीत ज्यू कैद्यांना रोज हेच धान्य शिजवून दिलं गेलं. शेकडो कैद्यांचे पाय लुळे पडले. कैद्यांमध्येच असलेल्या डॉ. आर्थर केसलर यांनी कारण ओळखलं आणि त्यानंतर तिथलं अन्न बदलावं लागलं. सागरचं खेडं असो, माद्रिद असो की ही छावणी, एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे. लोकांनी लाख आवडीने खाल्ली नव्हती. त्यांच्यासमोर दुसरं काही नव्हतं.

आता हे घडतं कसं ते पाहू. १९६४ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी आणि त्याच सुमारास दिल्लीतल्या संशोधकांनी लाखेतलं विषद्रव्य वेगळं काढलं. त्याला थोडक्यात ओडॅप म्हणतात. आपल्या मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात, त्यासाठी ग्लुटामेट नावाचा पदार्थ वापरतात. ओडॅप दिसायला ग्लुटामेटसारखंच असतं. ते पेशीच्या त्याच कुलपात बसतं, पण किल्ली फिरवतच राहतं. पायांची हालचाल चालवणाऱ्या पेशी सतत उत्तेजित राहून शेवटी मरतात. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. म्हणून या रोगावर आजही इलाज नाही.

रोग्याचं चालणं ओळखू येतं. पिंढऱ्या ताठ, टाचा उचललेल्या, गुडघे एकमेकांवर घासणारे. पायांना स्पर्श नीट कळतो, लघवी-संडासवर ताबा असतो, बुद्धी शाबूत असते. सुरुवातीला बिनकाठीचं चालणं, मग एक काठी, मग दोन काठ्या, शेवटी बसून हातांवर सरकणं. लाख खाणं थांबवलं तर रोग सहसा तिथेच थांबतो, पण मागे फिरत नाही. काठी लागली ती लागलीच.

यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे : विष प्रमाणात असतं. रोजच्या जेवणाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग लाखेचा असेल आणि असं दोन-तीन महिने सलग चाललं, तरच धोका खरा होतो. भात-भाकरी, भाजी, दूध यांच्यासोबत अधूनमधून वाटीभर डाळ खाणाऱ्याला हा रोग झाल्याचं सहसा दिसत नाही. मध्य प्रदेशातल्या रीवा भागात सालदारांना आणि वेठबिगारांना मजुरी म्हणून लाखमिश्रित धान्यच मिळायचं, आणि लंगडे झाले ते नेमके हेच लोक. मालकाच्या घरीही लाख होती, पण ताटात गहूही होता. म्हणजे हा रोग जितका डाळीचा, तितकाच मजुरीचा होता.

१९६१ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालच्या नियमांनी लाखेच्या विक्रीवर बंदी आणली. राज्यांनी ती आपापल्या परीने राबवली. पण पीक बंद झालं नाही. लाख तुरीच्या डाळीत आणि बेसनात मिसळली जाऊ लागली, कारण ती स्वस्त होती आणि सारखी दिसत होती. नागपूरचे डॉ. शांतीलाल कोठारी यांनी ही बंदी अन्यायाची आहे असं म्हणत वर्षानुवर्षं लढा दिला, उपोषणं केली. धानपट्ट्यातले लोक पिढ्यान्‌पिढ्या ही डाळ खात आहेत आणि ती गरिबाची प्रथिनं आहे, हा त्यांचा मुद्दा. २००८ मध्ये महाराष्ट्र सरकारने राज्यातली बंदी उठवली. २०१६ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या समितीने कमी ओडॅप असलेल्या रतन, प्रतीक आणि महातिवडा या वाणांना अनुकूल मत दिलं.

डॉक्टर म्हणून माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंत तथ्य आहे. सर्वसाधारण वर्षात, मिश्र आहारात लाख खाणं हे संकट नाही. पण कायदा सर्वसाधारण वर्षासाठी करायचा नसतो. ज्या वर्षी रेशन पोचत नाही आणि फक्त लाख पिकते, त्या वर्षी काय होतं हे सागरच्या त्या गावाने दाखवून दिलं आहे. घरी लाख खात असाल, तर डाळ भरपूर गरम पाण्यात काही तास भिजवा आणि ते पाणी फेकून द्या. ओडॅप पाण्यात विरघळतं, त्यामुळे त्याचा मोठा भाग पाण्याबरोबर जातो. आणि ती रोजची मुख्य डाळ करू नका.

बाजरी : कणसातली बुरशी

आता पश्चिमेकडे जाऊ. १९५६-५७ च्या आसपास तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात बाजरीची भाकरी खाऊन अनेक लोक आजारी पडले. मळमळ, उलट्या, गरगरणं आणि विलक्षण झोप. माणूस बसल्या जागी पेंगायचा. पटेल, बोमन आणि दलाल या डॉक्टरांनी १९५८ मध्ये या साथीचा अभ्यास वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. कारण निघालं बाजरीवरचा अरगट रोग.

शेतकरी वाचकांना हा रोग माहीत असेल. फुलोऱ्याच्या वेळी ढगाळ, दमट हवा राहिली की कणसातून मधासारखे चिकट गुलाबी थेंब गळतात. पुढे दाण्याच्या जागी काळपट, कडक गाठी तयार होतात. मळणीत त्या दाण्यांबरोबर येतात, दळणात जातात आणि भाकरीत उतरतात.

युरोपात हाच रोग राय नावाच्या धान्यावर पडायचा. तिथे त्याने मध्ययुगात हाहाकार केला. हातापायांची आग व्हायची, बोटं काळी पडून गळायची. लोक त्याला सेंट अँथनीची आग म्हणायचे. देवाचा कोप समजून मठांकडे धाव घ्यायचे, आणि मठात चांगल्या धान्याची भाकरी मिळाली की काहीजण बरेही व्हायचे. दोष धान्यातल्या काळ्या गाठींचा आहे, हे फ्रान्समधल्या दोदार याने १६७६ मध्ये मांडलं. याच बुरशीतून पुढे औषधही निघालं. १९३५ मध्ये अर्गोमेट्रिन वेगळं काढलं गेलं. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवण्यासाठी नर्स जे मेथर्जिनचं इंजेक्शन देते, ते त्याच घराण्यातलं. विष आणि औषध यांत फरक मात्रेचा, तो असा.

आपल्या बाजरीवरची बुरशी त्याच कुळातली असली तरी वेगळी आहे. तिच्यात क्लॅव्हिन गटातली द्रव्यं असतात. ती बोटं गाळत नाहीत. ती पोट ढवळून काढतात आणि मेंदूवर गुंगी आणतात. म्हणून आपल्याकडच्या अरगट विषबाधेत रोगी बहुतेक एक-दोन दिवसांत उठून बसतो. १९७५ मध्ये राजस्थानच्या सीकर भागातही अशीच साथ झाली होती.

यावरचा उपाय इतका साधा आहे की तो प्रत्येक बाजरी पेरणाऱ्याला यायला हवा. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवा आणि बियाणं त्यात ओता. अरगटाच्या गाठी हलक्या असतात, त्या वर तरंगतात. त्या काढून जाळून टाका. खाली बसलेलं चांगलं बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवा.

भगर : उपवासाच्या दिवशी दवाखाना

क्लॅव्हिन हे नाव लक्षात ठेवा, कारण तिसऱ्या गोष्टीत ते पुन्हा येतं.

वरई म्हणजेच भगर. एकादशी, महाशिवरात्र, नवरात्र आली की ती घरोघरी शिजते आणि त्याच दिवशी माझ्यासारख्या खेड्यातल्या डॉक्टरकडे गर्दी होते. उलट्या, जुलाब आणि त्यासोबत चक्कर, अंग थरथरणं, डोळ्यांवर झापड. नुसतं पोट बिघडलेल्या रोग्यात ही शेवटची तीन लक्षणं ठळक नसतात. ती दिसली की पहिला प्रश्न विचारायचा : आज काय खाल्लं, आणि ते कुठून आणलं?

भगरीवर ॲस्परजिलस जातीची बुरशी धरते. ती फ्युमिगाक्लॅव्हिन नावाची विषद्रव्यं तयार करते. नावातच खूण आहे. ही द्रव्यं बाजरीच्या अरगटातल्या क्लॅव्हिनची भावंडं. म्हणजे १९५७ ची ती झोपाळू साथ आणि आजची भगरीची चक्कर यांचं नातं जवळचं आहे. महाराष्ट्राचं अन्न व औषध प्रशासन सणावाराच्या आधी भगरीबद्दल सूचना काढतं, ती याच कारणासाठी.

शिजवल्याने बुरशी मरते, पण तिने आधीच तयार केलेलं विष सगळं जात नाही. "आम्ही तर चांगली उकळली होती" हे म्हणूनच पुरेसं उत्तर नाही.

फेब्रुवारी २०२४ आठवतो का? पैनगंगेच्या पलीकडे नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीत धार्मिक कार्यक्रमातल्या प्रसादानंतर सुमारे दोन हजार लोक आजारी पडले. दोन आठवड्यांनी बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याच्या हरिनाम सप्ताहात भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो लोकांना त्रास झाला. बिबीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा पुरेनात. रुग्णांना बाहेर मोकळ्यावर झोपवून, झाडांना दोर बांधून त्यावर सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. ती छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली. दोन्ही दिवस एकादशीचे होते.

हजार माणसांच्या स्वयंपाकात दोन धोके एकावर एक बसतात. एक धान्यातली बुरशी, दुसरा शिजल्यावर वाढणारे जंतू. खाल्ल्यावर किती वेळाने त्रास झाला, यावरून अंदाज येतो. तासाभरात ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या, तर आधीच तयार असलेलं विष पोटात गेलेलं असतं. मग ते बुरशीचं असेल किंवा जंतूंचं. सहा तास ते तीन दिवसांनी ताप आणि जुलाब आले, तर साल्मोनेलासारखे जंतू आतड्यात वाढलेले असू शकतात. म्हणून डॉक्टर वेळ विचारतो तेव्हा "खाल्ल्यावर लगेच" असं मोघम सांगू नका. किती वाजता जेवलात आणि किती वाजता पहिली उलटी झाली, ते सांगा.

आता काय करायचं?

भगर सुटी घेऊ नका. पॅकबंद, कंपनीचं नाव आणि तारीख असलेली घ्या. मागच्या सणाची उरलेली भगर वापरू नका. तिचं पीठ करून ठेवू नका, पिठाला ओल लवकर धरते. निवडून, स्वच्छ धुऊन घ्या. डबा कोरडा आणि घट्ट झाकणाचा हवा. उपवासालाही थोडीच खा.

महाप्रसाद करणाऱ्या मंडळांना हात जोडून विनंती आहे. धान्य कुठून घेतलं त्याची पावती जपून ठेवा. स्वयंपाक वाढायच्या वेळेच्या जवळ करा. उरलेलं अन्न दुसऱ्या दिवशी वाटू नका. आणि त्रास सुरू झाला, तर पातेली घासून मोकळी करू नका. थोडं अन्न झाकून बाजूला ठेवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवा. त्या वाटीभर अन्नातूनच खरं कारण सापडतं. ते नसेल तर कोणी आचाऱ्याला मारायला धावतो, कोणी करणी म्हणतो, आणि ज्या दुकानात ओली भगर सुटी विकली गेली ते दुकान पुढच्या एकादशीलाही उघडंच राहतं.

घरी रोगी असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पाजत राहा. चमचा चहाचा घ्या. ओआरएसची पुडी असेल तर उत्तमच. लहान मूल, म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असेल, लघवी कमी झाली असेल, रक्त पडत असेल किंवा झोप आवरत नसेल, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.

"प्रसादाला नावं कशी ठेवायची?" असं लोक मला विचारतात. प्रसादाला नावं ठेवायची गरजच नाही. स्लीमनच्या काळातल्या त्या खेड्यातल्या लोकांना कारण ठाऊक होतं, पण ताटात घालायला दुसरं धान्य नव्हतं. आपल्याकडे आज दुसरं धान्य आहे, पॅकबंद भगर आहे, तपासणारी प्रयोगशाळा आहे. वीस-तीस रुपये वाचवण्यासाठी सुटी भगर आणायची की नाही, हे तुमच्या हातात आहे. येत्या एकादशीला दुकानदाराला एवढंच विचारा : पाकीट आहे का, आणि त्यावर तारीख आहे का?